दूरसंचार विभागाला खुलं पत्र: टॉवर मोजून झाले असतील तर एकदा फोन लावून बघा

मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री आणि दूरसंचार विभागातले सगळे लहानमोठे अधिकारी,
संचार भवन, नवी दिल्ली

साहेब, नमस्कार.

मी रिचार्ज मारणारा माणूस आहे. बाजाराच्या गावात एसटी स्टॅन्डसमोर छोटं दुकान आहे, झेरॉक्स, ऑनलाईन फॉर्म, मोबाईलची कव्हरं, आणि दिवसभर रिचार्ज. दुकानात रेंज एकदम फुल्ल. घर मात्र घाटाखालच्या एका वाडीत, दुकानापासून बाईकने पाऊण तास, आणि तिथे रेंज नाही. म्हणजे दिवसभर मी लोकांना जे विकतो ते संध्याकाळी माझ्याच खिशात चालत नाही. गिऱ्हाईकातली बरीच माणसं माझ्याच वाडीतली, ती गुपचूप रिचार्ज मारून घेतात कारण नाही मारला तर इनकमिंग बंद होतं, आणि मारला तरी घरी इनकमिंग येत नाही ते वेगळं. पैसे घेताना मला पण कसंतरीच होतं खरं सांगायचं तर.

तुमच्या हिशोबात आमचं गाव कव्हर्ड आहे. हे मी मनाने सांगत नाहीये, तक्रारीच्या उत्तरात तसं लिहून आलंय, "सदर गाव नेटवर्कने आच्छादित आहे". आच्छादित शब्द वाचून आमच्या इथले एक काका म्हणाले पावसाळ्यात ताडपत्रीने असतं तसं का.

गाव आच्छादित आहे हे खोटं नाही पण. गावठाणात ग्रामपंचायतीच्या मागच्या टेपाडावर टॉवर उभा आहे, लाईट असली की तिथे मस्त रेंज येते, पोरं शाळेच्या कट्ट्यावर बसून रील्स बघतात. फक्त आमचं महसुली गाव म्हणजे नऊ वाड्या. मधे डोंगराची सोंड उतरलेली, दोन ओढे, आणि आमची वाडी सोंडेच्या पलीकडे खाली. टॉवर आम्हाला दिसत नाही आणि आम्ही टॉवरला. जनगणनेच्या यादीत एकच नाव, एकच कोड नंबर, त्यामुळे गावठाणात रेंज आली तेव्हाच आम्ही नऊच्या नऊ वाड्या तुमच्या यादीतून बाहेर पडलो, विषय संपला.

वाडीत कसं चालतं ते सांगतो. आमच्याकडे एक जांभळाचं झाड आहे, बांधाच्या वरच्या अंगाला. त्या झाडाच्या बुंध्यापाशी, साधारण छातीच्या उंचीवर, एक काडी रेंज येते, कधी दोन. दोन पावलं डावीकडे सरकलं की गेली. का येते ते मला माहीत नाही, समोरच्या कड्यावर आपटून येत असणार. तर त्या बुंध्याला खिळे मारलेत आणि खिळ्यांना फोन टांगलेले असतात, पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळून. कुठल्या खिळ्यावर कुणाचा फोन ते ठरलेलं. फोन वाजला की झाडाखालच्या घरातली वहिनी रिंगटोन ओळखते आणि नावाने हाक मारते, मग तो माणूस असेल तिथून पळत सुटतो. तो पोचेपर्यंत रिंग थांबलेली असते, मग तो परत लावतो, मग समोरचा उचलत नाही, कारण समोरचा पण त्याच वेळी परत लावत असतो. आणि हातात फोन घेऊन बोलायचं नाही, हात हलला की कट, म्हणून फोन खिळ्यावरच ठेवून स्पीकरवर बोलायचं. मुंबईत कामाला असलेल्या पोराचं आईशी जे काही बोलणं होतं ते सगळ्या वाडीच्या साक्षीने होतं. कुणाचं लग्न कुठे मोडलं ते आम्हाला घरच्यांच्या आधी कळतं.

हसू येईल तुम्हाला, आम्हालाही येतं, पण रात्री कुणाचं दुखायला लागलं की १०८ ला फोन लावायला बॅटरी घेऊन त्या झाडापर्यंत जावं लागतं आणि झाड दगा देईल तेव्हा बाईक काढून वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत. त्यावर जास्त लिहीत नाही.

आता तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण मी या धंद्यातला आहे आणि थोडंफार वाचतो. २७ जुलै २०२२ ला कॅबिनेटने निर्णय घेतला, २६,३१६ कोटी रुपये, रेंज नसलेल्या २४,६८० गावांत फोरजी, शिवाय नुसतं टूजी थ्रीजी असलेल्या ६,२७९ गावांत फोरजी, काम बीएसएनएलकडे, आणि यंत्रणा आपल्या देशात बनवलेली. त्याच्या आधी नोव्हेंबर २०२१ मध्ये ४४ आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी (आकांक्षित म्हणजे विकासात मागे राहिलेले जिल्हे) ६,४६६ कोटी मंजूर झाले होते, त्या पाच राज्यांत महाराष्ट्र पण होता. गडचिरोलीसारख्या भागात टॉवर उभा करणं म्हणजे काय असतं हे दिल्लीत बसून कळणार नाही असं लोक म्हणतात, पण कुणीतरी केलंच ना ते, सिमेंट, लोखंड, बॅटऱ्या, सगळं जंगलातून वर नेऊन. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५०० दिवसांत २५,००० टॉवर असं सांगितलं गेलं, ते ५०० दिवस फेब्रुवारी २०२४ मध्ये संपले, आणि स्वदेशी फोरजीचं उद्घाटन झालं २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुडाला, ९७,५०० टॉवर एकदम. उशीर झाला, ठीक आहे. नेटवर्कची सगळी यंत्रणा इथेच बनवायची ठरवली की वेळ लागतो, मी त्यावर भांडणार नाही. देशातल्या ६ लाख ४४ हजार गावांपैकी ६ लाख २० हजारांच्या वर गावांत मोबाईल पोचला असं तुम्ही संसदेत सांगता तेही मी खरं धरतो.

माझं भांडण एकाच गोष्टीशी आहे. तुम्ही मोजता टॉवर, आणि आम्हाला हवाय फोन. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि तुमच्या सगळ्या कागदात त्या एकच धरल्यात.

आणि पैसा कुणाचा हेही जरा बोलू. कंपन्या सरकारला जी लायसन्स फी देतात त्यात त्यांच्या महसुलातले ५ टक्के गावाकडच्या सेवेसाठी वेगळे काढले जातात, २००२ पासून. आधी त्या फंडाला यूएसओ फंड म्हणायचे, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. कंपनीचा महसूल म्हणजे कोण, तर माझ्या दुकानात येऊन रिचार्ज मारणारी माणसं. म्हणजे झाडाला फोन टांगणारा माणूस रेंज नसताना त्या निधीत वर्गणी भरतोय, दर महिन्याला, आणि ती वर्गणी गोळा करायला मी काउंटरवर बसलोय. अशी वर्गणी गणपतीला घेतली असती तर लोकांनी मंडळाचा हिशोब मागितला असता.

बरं गावठाणातला टॉवर तरी चालतो का. मी एक वही ठेवली होती, शाळेची शंभर पानी, दिवाळीपासून होळीपर्यंत. रोज गावठाणातून जाताना टॉवरची अवस्था लिहायची. आता चाळली तर सगळीकडे एकच गोष्ट, फक्त वार वेगळे. मंगळवार, दुपारी लाईट गेली, अर्ध्या तासात रेंज गेली. बुधवार, लाईट आली, रेंज नाही. गुरुवार, नाही. शुक्रवार, तालुक्याहून पोरगा आला, कुलुपाची चावी विसरला, परत गेला. शनिवार, रेंज आली. रविवार, रस्त्याच्या कामाच्या जेसीबीने केबल तोडली. बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात, जनरेटर आहे पण डिझेल नाही, डिझेल आलं तर ते टॉवरपर्यंत पूर्ण पोचत नाही (ते कुठे जातं सगळ्यांना माहितीये, लिहीत नाही). कंपनीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, कारण दुसऱ्या कंपनीचा टॉवर असता तरी वहीत हेच लिहिलं असतं. टॉवर चालवणं हे टॉवर उभारण्यापेक्षा कंटाळवाणं काम आहे, त्याला नारळ फोडायला कुणी येत नाही.

२०२२ च्या योजनेत तुम्ही पाच वर्षांचा चालवायचा खर्च पण धरलाय हे मला माहितीये आणि ते शहाणपणाचं केलंत. मग माझा साधा प्रश्न, तो खर्च कशाच्या बदल्यात देता, टॉवर उभा आहे म्हणून की टॉवर चालू आहे म्हणून? आणि चालू आहे हे कोण सांगतं, ज्याला पैसे मिळणार तोच ना? माझ्या वहीला काय किंमत नाही तिथे.

ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, २०२४ मध्ये नवीन नियम आणले, ते वाचून मला आनंद झाला होता. कंपन्यांनी आपल्या वेबसाईटवर कव्हरेजचा नकाशा टाकायचा, टूजी, फोरजी, फाईव्हजी वेगवेगळा. नेटवर्क बंद पडलं तर कळवायचं, आणि २४ तासांच्या वर बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट, प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून. वा म्हटलं, आता आमचे चार चार दिवस भरून मिळणार. मग नीट वाचलं तर मोठा बिघाड धरायचा तो जिल्ह्याच्या पातळीवर. अख्ख्या जिल्ह्यात गेलं तर बिघाड. आमच्या दरीत एकच टॉवर, तो आठवडाभर मेला तरी जिल्हा आपला ठणठणीत. जिल्ह्याला ताप नाही म्हणजे माझ्या पोराला ताप नाही असा डॉक्टर असता तर आपण काय केलं असतं.

आणि नकाशा. नकाशात आमची वाडी रंगवलेली आहे! मी झूम करून करून बघितलं, ओढा, सोंड, जांभळाचा बांध, सगळ्यावर रंग. हा रंग कुणी इथे येऊन मोजून भरलेला नाही, कॉम्प्युटरने अंदाज बांधलाय, टॉवर एवढ्या उंचीचा, ताकद एवढी, म्हणजे इथपर्यंत जाईल. डोंगराचं गणित त्यात असतं पण कागदावरचा डोंगर आणि ओल्या झाडीचा, पत्र्याच्या घरांचा डोंगर वेगळा. त्यातून फ्रिक्वेन्सी जास्तीची, २१०० मेगाहर्ट्झ सारखी असेल तर सोंडेला वळसा घालून खाली उतरायला ती तयारच होत नाही, ७०० चं थोडं बरं असतं, ती जरा वाकते, भिंतीतून पण जाते. म्हणून विचारतो, आमच्यासारख्या दऱ्यांत कुठला बॅन्ड लावायचा हे कोण ठरवतं आणि जागेवर येऊन ठरवतं का?

अमेरिकेत पण हेच झालं होतं बरं का, तिथल्या एफसीसीने, म्हणजे तिकडच्या ट्रायने, कंपन्यांच्या नकाशांवर विश्वास न ठेवता आपली माणसं पाठवली, बारा राज्यांत सुमारे दहा हजार मैल गाडी फिरवली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये रिपोर्ट आला की नकाशात सांगितलेला किमान स्पीड फक्त ६२ टक्के वेळा मिळाला. ट्राय पण ड्राइव्ह टेस्ट करते, म्हणजे गाडी फिरवून रेंज मोजते, रिपोर्ट छापते, चांगली गोष्ट आहे, पण ती टेस्ट शहरात, हायवेला, रेल्वेच्या मार्गावर. नावातच ड्राइव्ह आहे. आमच्या वाडीत गाडी येत नाही साहेब, शेवटचा अर्धा किलोमीटर चालावं लागतं आणि रेंज नेमकी तिथेच संपते.

तक्रार केली का म्हणाल, तर केली, चार वेळा, एका पोर्टलवर. प्रत्येक वेळी नंबर आला, आणि दोन दिवसांनी तक्रार बंद झाल्याचा मेसेज, मी दुकानात आल्यावर मिळालेला. कारण काय लिहिलं होतं माहितीये? ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही म्हणून बंद. अहो तक्रारच ती होती! चौथ्या वेळी मी हुशारी केली आणि दुकानातला नंबर दिला. मग एका मॅडमचा फोन आला, चांगलं बोलल्या, म्हणाल्या सर आत्ता तुम्हाला माझा आवाज क्लिअर येतोय ना, मी म्हटलं हो येतोय, म्हणाल्या मग प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय, क्लोज करते. मी पुढे काही बोलायच्या आत क्लोज.

अजून एक गोष्ट कुणी बोलत नाही. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बटणाचे जुने फोन आहेत, टूजीवाले. त्यांना तेच येतं, हिरवं बटण लाल बटण. आता नवा टॉवर लागतो तो फोरजीचा, त्यावर बोलायचं तर फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल करायची सोय पाहिजे, ते त्या फोनमध्ये नसतं. मग नातवाच्या फोनमध्ये फुल्ल रेंज आणि आजीच्या फोनमध्ये काहीच नाही, एकाच खोलीत. गावठाणातल्या आज्या माझ्याकडे येतात की माझा फोन बिघडला. मी उघडून बघतो, फोन एकदम ठीक. आता काय सांगू त्यांना, फोन ठीक आहे पण काळ बदलला? नवीन फोन घ्या म्हणायला जीभ रेटत नाही, आणि मीच विकतो म्हणजे वाटणार हा धंदा करतोय. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, नुसत्या कॉल आणि एसएमएसचे रिचार्ज काढायला लावले ते या आज्यांच्या उपयोगाचं होतं, त्याबद्दल धन्यवाद, पण रिचार्ज वाजणार कुठे.

आणि तुमच्याच सरकारची बाकीची खाती, केंद्राची काय राज्याची काय, ती असं धरून चालतात की तुमच्या खात्याचं काम पूर्ण झालंय. रेशनच्या पॉस मशीनला अंगठा लावायचा तर नेटवर्क, पीक पाहणी ॲपवर, पीएम किसानला केवायसी. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडक्या बहिणीची ई-केवायसी निघाली, तेव्हा दुकानात जी गर्दी झाली तशी मी दहावीच्या निकालाला पण बघितली नाही. आधार टाकायचा, ओटीपी येणार, तो थोड्या वेळात टाकायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्यांच्या फोनवर ओटीपी. आता बाई माझ्यासमोर उभी, नवरा वाडीत, त्याचा फोन जांभळाच्या खिळ्यावर. मी इथून फोन करणार, वहिनी हाक मारणार, नवरा गोठ्यातून पळत येणार, ओटीपीचा मेसेज उघडून स्पीकरवर वाचणार, "चार... सात... ऐकू येतंय का... सात", तोवर वेळ संपला, परत पाठवा. एका बाईसाठी आम्ही सहा वेळा केलं. सहाव्या वेळी झालं तेव्हा रांगेतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर आम्ही शहाणे झालो, नवऱ्याचा फोनच घेऊन या म्हणायला लागलो, मग एक बाई वाडीतले अकरा फोन पिशवीत घालून आली, प्रत्येकावर पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं. त्या दिवशी झाड मोकळं होतं आणि वाडीला दिवसभर कुणाचा फोन आला नाही.

मला काय पाहिजे ते सांगतो, फार नाही. गावाच्या नावाने मोजणं बंद करा, वाडी, पाडा, वस्ती धरून मोजा, शाळा अंगणवाडी जिथे आहे तो प्रत्येक ठिपका तुमच्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याकडे नोंदवलेला आहे, नवीन सर्वे नको. टॉवर पूर्ण झाला असं कागदावर सही करायच्या आधी ग्रामसभेत विचारा, कुठल्या वाडीत लागतो कुठल्या नाही, सरपंच आणि दोन आशाताई बास, आशाताईंना रेंज कुठे आहे हे ट्रायपेक्षा जास्त माहिती असतं. टॉवर किती तास चालू होता किती तास बंद होता हे प्रत्येक टॉवरचं वेगळं सगळ्यांना दिसेल असं टाका, तो आकडा यंत्रात आपोआप पडतच असतो, फक्त तुम्ही दाखवत नाही. आणि निधीतून चालवायचा खर्च देता तो त्या तासांवर द्या, बघा डिझेल कसं पोचतं ते.

जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही एक फार चांगलं केलं होतं, निधीतून उभारलेल्या फोरजी टॉवरवर दुसऱ्या कंपनीचं सिम पण चालेल असं, इंट्रा सर्कल रोमिंग. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ते सगळीकडे करा ना, जिथे जिथे पंचक्रोशीत एकच टॉवर आहे तिथे कंपनी कुठलीही असो, सिम कुठलंही असो, फोन लागला पाहिजे. मदतीचा ११२ नंबर लावताना चालतंच की कुठल्याही कंपनीच्या नेटवर्कवरून, मग आईला फोन लावताना का नाही. कंपन्या कुरकुर करतील, त्यांचा हिशोब तुम्ही बसून मिटवा.

आमच्या सोंडेवर मोठा टॉवर लावा असं मी म्हणत नाही, चाळीस घरांसाठी तेवढा खर्च परवडणार नाही हे मला पण कळतं, मी पण दुकानदार आहे. पण छोटा रिपीटर, सोलरवर चालणारं काहीतरी, गावठाणातून सिग्नल उचलून खाली टाकणारं, हे होऊ शकतं की नाही एवढं तुमच्यातल्या कुणीतरी इंजिनिअरने येऊन बघावं. नाही होत म्हणाला तर तसं लिहून द्यावं. तेही चालेल आम्हाला, निदान नकाशातला रंग तरी पुसा.

पत्र दुकानातून टाकतोय. कुणी येणार असेल तर आधी कळवा, आणि फोन करणार असाल तर एक सांगून ठेवतो, लगेच कट करू नका, पूर्ण रिंग तीन वेळा द्या. पहिली वहिनीला ऐकू येण्यात जाते, दुसरी मी बांध चढण्यात.

आपला,
घाटाखालचा एक रिचार्जवाला